वस्सकार आणि मी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे वसतिगृहातील आठवणी मागितल्या होत्या. पहाटेच्या वंदनेची घंटा, विहिरीवरची अंघोळ, रविवारी मिळणारी गोड खिचडी अशा आठवणी माझ्याकडे विपुल आहेत आणि त्या लिहिण्यासाठी मी दोनदा बसलोही. प्रत्येक वेळी लेखणी एकाच प्रसंगापाशी येऊन अडली. तो प्रसंग मी दहावी होऊन वसतिगृह सोडल्यानंतर अडतीस वर्षांनी घडला. तरीही तो या स्मरणिकेतच सांगितला पाहिजे असे मला वाटते. कारण त्यात दुखावला गेलेला माणूस आपल्यापैकीच एक आहे आणि दुखावणारा मी आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, अनुसूचित जातींच्या आरक्षणात राज्यांना उपवर्गीकरण करता येईल. २००४ साली पाच न्यायमूर्तींनी याच्या नेमके उलट सांगितले होते. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. मातंग समाजातील अनेकांची उपवर्गीकरणाची मागणी जुनी होती, तर बौद्ध समाजातील अनेकांना त्यात फुटीचे बीज दिसत होते. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मी स्वतः उपवर्गीकरणाच्या विरोधात आहे, एवढे प्रामाणिकपणे नोंदवतो आणि पुढे जातो.

आमच्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. चाळीसेक जण त्यात होते. सकाळी जयभीम, कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाची बायपास, कुणाच्या घराचे वास्तूऐवजी परित्राणपाठाने झालेले गृहप्रवेश, असा त्याचा दिनक्रम. निकाल लागल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात एका वेगळ्याच गटातून माझ्याकडे एक संदेश आला. मातंग समाजाच्या एका नेत्याच्या तोंडी घातलेले ते भाषण होते. बौद्धांनी इतकी वर्षे सगळे ताट आपल्याकडे ओढले, आता आम्हांला त्यांच्या जयभीमचीही गरज उरली नाही, असा त्याचा मथितार्थ. नेत्याचे नाव नव्हते. सभा कोठे झाली, केव्हा झाली, कोणी ऐकली, यांतले काहीच नव्हते. प्रत्येक सच्च्या भीमसैनिकाने तो पुढे पाठवावा, ही विनंती मात्र शेवटी होती.

मी इतिहासाचा एम. ए. आहे. याच शाळेत नववी-दहावीच्या मुलांना गेली सत्तावीस वर्षे शिकवत आलो आहे की, एखादे साधन हाती आले की आधी त्याची बाह्य चिकित्सा करावी: हे कोणी लिहिले, केव्हा, कोठे, मूळ प्रत कोणती. मग अंतर्गत चिकित्सा: लिहिणाऱ्याला हे माहीत असणे शक्य होते काय, आणि असे लिहिण्यात त्याचा लाभ कोणता. फळ्यावर दोन रकाने आखून हे मी इतक्या वेळा लिहिले आहे की खडूशिवायही माझा हात तो आखील. त्या संध्याकाळी शिक्षककक्षात चहा निवत असताना मी तो संदेश वाचला, माझे डोके तापले आणि मी तो पाठवला. सात गटांत.

सात या आकड्यापाशी थोडे थांबावे लागेल. पुष्कळदा फिरलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण उमटवते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देते. हा अडथळा उगाच आलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरून फिरणारी अफवा त्या भागात त्यांच्या आधीच पोहोचली होती. त्या काळात देशात इतरत्रही अशा हत्या झाल्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात कोणताही संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशापुरती ती एकावर आणली. म्हणजे ज्या अडथळ्यामागे भटक्यांचे रक्त आहे, तो मी त्या संध्याकाळी सात वेळा, एकेक गट निवडून, ओलांडला. चुकून बोट पडले असे म्हणायलाही मला जागा नाही.

तुकडीच्या गटात संदेश पडल्यावर दोघांनी संतापाचे चेहरे टाकले, एकाने निळे निशाण टाकले. मग वसतिगृहात ज्याची ट्रंक सहा वर्षे माझ्या ट्रंकेला लागून होती, त्या मित्राची एक ओळ आली: ‘पोचिराम कांबळे कोण होते, सर?’ आणि त्याखाली ती राखाडी पट्टी, की तो गटातून बाहेर पडला आहे.

इतक्या वर्षांत त्याने मला कधीही ‘सर’ म्हटले नव्हते.

पोचिराम कांबळे कोण होते हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी, पण पुढच्या पिढीसाठी लिहितो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे, जातीने मातंग. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराविरुद्ध उसळलेल्या दंगलीत, ऑगस्ट १९७८ मध्ये, त्यांची हत्या झाली. नामांतराच्या शहिदांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. दर १४ जानेवारीला परिपाठात मीच ते मुलांकडून वदवून घेतो. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला मिळावे म्हणून जीव गेलेल्या माणसाच्या समाजाबद्दल, त्यांना जयभीमची गरज नाही, असे बिननावाचे वाक्य मी पाठवले होते आणि पाठवताना ते नाव मला आठवले नव्हते.

१९७८ मी पाहिलेले आहे. २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या गावात आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्या जात, ते एका घरी, ओट्यावर. रेडिओने सांगितले ते एवढेच, की ठराव झाला. पण गावात फिरले ते वेगळेच. आता साऱ्या नोकऱ्या ‘त्यांनाच’ मिळणार, शेजारच्या गावात ‘त्यांनी’ पाटलाच्या माणसाला अडवले, आज रात्री ते मारुतीच्या देवळात शिरणार. यांतले एकही खरे नव्हते. पण कोणी तरी सायकलवरून बाजारातून येई आणि आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगे. तिसऱ्या रात्री आमच्या वस्तीतील बायकामुलांनी ज्वारीच्या शेतात रात्र काढली. पावसाचे दिवस होते. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता, कारण मला खोकला झालेला होता.

मांगवाड्याला गावाने निरोप दिला होता की, तुमचा या भानगडीशी संबंध नाही, तुम्ही आपले घरात बसा. काही जण बसले. त्यांचा राग मला आज येत नाही. त्यांच्याही छपरांना आग लागतच होती. पण त्या वाड्यातील एका म्हातारीने आमची गाभण शेळी आपल्या दावणीला बांधून ठेवली आणि कोणी विचारले तर आपलीच म्हणून सांगितले. आठ दिवसांनी आम्ही परतलो तेव्हा घराचे आढे जळालेले होते आणि शेळी जिवंत होती. मला वसतिगृहात घालण्याचा निर्णय वडिलांनी त्या वर्षी घेतला. प्रत्यक्ष प्रवेश मिळायला आणखी दोन वर्षे गेली.

येथे मला तो मित्र भेटला. त्याचे वडील केकताडाचे दोर वळीत. वसतिगृहाच्या विहिरीवरचा सोंदूर त्यांनी वळून दिलेला होता, हे फार थोड्यांना माहीत असेल. पाणी शेंदताना मित्र दोराची पीळ बोटांनी तपासून सांगायचा की हा बाबांचा आहे, हा बाजारचा. मला पोहायला त्यानेच शिकवले, म्हणजे विहिरीत ढकलून दिले. तो पुढे औषधनिर्माता झाला, सरकारी दवाखान्यात नोकरी केली. त्याच्या थोरल्या मुलाने बुद्धवंदना पाठ केली ती माझ्याकडे, आणि माझ्या वडिलांना अखेरच्या दिवसांत इंजेक्शन द्यायला रोज सायंकाळी सहा मैल येणारा तोच.

पंधरा दिवस त्याने फोन उचलला नाही. शेवटी मी एका रविवारी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनींनी पाणी दिले. तो बोलला नाही; उठून चष्मा आणला, आपला मोबाइल उघडला आणि माझ्यासमोर धरला. त्याच्या समाजाच्या एका गटात आलेला संदेश होता. एका बौद्ध नेत्याचे भाषण. मांगांनी इतकी वर्षे चळवळीत काय केले, आता हिस्सा कशाचा मागतात, आमच्या बाबासाहेबांचे नाव घेण्याचा त्यांना अधिकार काय, वगैरे. नेत्याचे नाव नव्हते. सभेचे गाव नव्हते. मी वाचत असताना त्याने माझा संदेशही उघडून दाखवला, त्याने तो पुसलेला नव्हता. दोन्हींची वाक्ये जवळजवळ तीच होती. समाजाचे नाव तेवढे बदललेले, आणि शेवटच्या विनंतीत ‘भीमसैनिक’च्या जागी ‘लहुजींचे वारस’.

‘हा मला तुझ्या संदेशाच्या दोन दिवस आधी आला होता,’ तो म्हणाला. ‘मी कुठेही पाठवला नाही. मला वाटलं, तुला दाखवावा.’

त्या रात्री घरी आल्यावर मी दीघनिकाय काढला. महापरिनिब्बानसुत्ताचा प्रारंभ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मगधराज अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला अमात्य वस्सकार याला गृध्रकूटावर तथागतांकडे पाठवले. तथागतांनी वस्सकाराला थेट उत्तर दिले नाही; मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदांना त्यांनी वज्जींविषयी सात प्रश्न विचारले. त्यांतला पहिला, वज्जी वारंवार एकत्र जमतात काय. दुसरा, ते एकजुटीने बसतात, एकजुटीने उठतात आणि एकजुटीने कामे करतात काय. वस्सकार हुशार होता. तो तेथून एवढे समजून निघाला की, वज्जींना लढाईने जिंकता येणार नाही. त्यासाठी त्यांच्यात आपसांत भेद पाडावा लागेल. पालीत यासाठी शब्द आहे ‘मिथुभेद’.

पुढची कथा सुत्तात नाही, ती अट्ठकथेत आहे, आणि मला वाटते ती प्रत्येक शाळेत शिकवली पाहिजे. वस्सकाराने राजाशी खोटे भांडण केले, मुंडन करवून घेऊन हद्दपार झाला आणि वैशालीला आश्रयाला आला. लिच्छवींनी त्याला न्यायदानाचे काम दिले, राजपुत्रांना शिकवायलाही ठेवले. मग तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेई आणि हळूच विचारी, ‘लोक शेत नांगरतात ना?’ ‘हो, नांगरतात.’ ‘दोन बैल जुंपून?’ ‘हो, दोन बैल जुंपून.’ एवढेच. तो गेला की दुसरा लिच्छवी पहिल्याला विचारी, आचार्य तुला काय म्हणाले? पहिला खरे तेच सांगे. दुसऱ्याला ते पटत नसे. बाजूला घेऊन कोणी बैलांविषयी बोलते काय? हा काही तरी लपवतो आहे. दुसऱ्या दिवशी आचार्य दुसऱ्या कोणाला विचारी, आज कालवण कोणते होते. अशी जमीन नांगरून झाल्यावर त्याने पेरणी केली: तू फार गरीब आहेस म्हणे, तू भित्रा आहेस म्हणे. कोण म्हणाले? अमुक लिच्छवी. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. मग अजातशत्रू चालून आला. वैशालीत नगारा वाजला, आणि लिच्छवी म्हणाले, श्रीमंतांनी जावे, शूरांनी जावे, आम्ही तर गरीब, आम्ही तर भित्रे. कोणीही जमले नाही. वैशालीची दारे उघडीच होती.

हे मी पूर्वीही वाचले होते, शिकवलेही होते. पण वस्सकार म्हणजे कोणी तरी दुसरा, असे धरून. आता वाचताना बैलांचा तो प्रश्न मला दिसला. त्यात खोटे काही नाही. त्यातले सगळे विष ‘बाजूला घेऊन’ यात आहे. आपण पंचशीलात रोज ‘मुसावादा वेरमणी’ म्हणतो आणि खोटे बोललो नाही की शील पाळले असे समजतो. मी तरी समजत होतो. मी ते भाषण रचले नव्हते. फक्त पाठवले होते. परंतु सम्यक वाचेत असत्यानंतर लगेच येते ती पिसुणवाचा, म्हणजे इकडचे तिकडे सांगून जोडलेल्यांना तोडणारी वाणी. आणि तिला रचनाकार लागत नाही, वाहक पुरतो.

मोबाइलने काय बदलले? मला वाटते, त्याने ‘बाजूला’ ही जागा अमर्याद करून टाकली. बौद्धांचा गट वेगळा, मातंगांचा वेगळा, चर्मकारांचा वेगळा. आणि एकात काय बोलले जाते ते दुसऱ्याला दिसत नाही. १९७८ मध्ये सायकलवरून येणारा माणूस निदान ओट्यावर सर्वांसमोर खोटे बोले. कोणी तरी त्याला, तू होतास का तिथे, असे विचारू शकला असता. (विचारले नाही, ही वेगळी गोष्ट.) वस्सकाराला तीन वर्षे वैशालीत राहावे लागले, प्रत्येकाचा विश्वास संपादन करावा लागला. आता त्याला यावेही लागत नाही. माझ्या मित्राला तो संदेश परक्याने पाठवला असता तर त्याने तो पुसून टाकला असता. तो माझ्या नावाने गेला, सहा वर्षांच्या शेजारच्या ट्रंकेच्या नावाने. त्या अनामिक लेखकाला जी गोष्ट स्वतः कधीच मिळवता आली नसती, ती मी त्याला फुकट दिली.

या प्रकरणानंतर आमच्या गटाच्या संचालकाने नियम केला, की यापुढे केवळ शुभेच्छा आणि दुःखद वार्ता. वादाचे विषय बंद. हेतू चांगला होता. मला तो नियम मान्य नाही. त्याचे कारण सांगताना थोडे मागे जावे लागेल.

भेद पाडणारा, हा आरोप बाबासाहेबांवर आयुष्यभर झाला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ‘मूकनायका’त जे होते ते कटूच होते. पण ते छापील होते; ज्यांच्याविरुद्ध होते त्यांनाही विकत घेऊन वाचता येत होते आणि त्याला उत्तर देता येत होते. दुसरे उदाहरण महाडचे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक मंडपात परतले आणि गावात हाकाटी झाली की आता हे वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. तसा कोणताही बेत नव्हता. जमाव लाठ्या घेऊन आला, जेवणावर बसलेल्यांना मारहाण झाली. प्रतिकाराला सज्ज असलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरले. आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. महाडात काय झाले, कोणी काय केले, विरोधक काय म्हणतात आणि त्यात चूक काय, हे त्यांनी त्यातून लिहिले. भांडण त्यांनी मिटवले नाही, लपवलेही नाही. ते चव्हाट्यावर, तारखेसह आणि स्वतःच्या नावासह मांडले. डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य समाजातले सहकारी त्यांच्याबरोबर होते.

म्हणून ‘वाद नको’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. उपवर्गीकरणाचा वाद खरा आहे. कोणाच्या मुलाला वैद्यकीयची जागा मिळते आणि कोणाच्या मिळत नाही, याचा तो वाद आहे. तो ‘आपण सारे एक’ म्हणून दडपणे म्हणजे ज्याच्या ताटात कमी आले त्याला गप्प बसवणे आहे. माझ्या मित्राची तक्रार नेमकी तीच होती. तो मला म्हणाला, ‘आमच्या वाड्यातून वसतिगृहात किती पोरं आली होती, मोजली होतीस का कधी?’ मी मोजली नव्हती. परत येऊन शाळेची जुनी प्रवेश नोंदवही काढली आणि आमच्या तुकडीची मोजली. चार निघाली. दहावीपर्यंत टिकली ती दोन.

त्यानंतर मी सातही गटांत लिहिले की अमुक तारखेला मी पाठवलेल्या भाषणाला कोणताही आधार नाही, तसाच उलटा संदेश दुसरीकडे फिरतो आहे, आणि तो मी पडताळून न पाहता पाठवला, ही माझी चूक आहे. दोन्ही संदेश शेजारी शेजारी लावून त्याचे चित्रही टाकले. तीन गटांत कोणी काहीच बोलले नाही. एका गटातून मला काढून टाकण्यात आले. एकाने विचारले, किती घेतले? एका जुन्या विद्यार्थिनीने मात्र कळवले की तिने तो माझ्याकडून घेऊन आणखी चार ठिकाणी पाठवला होता आणि आता ती तेथे जाऊन हेच लिहिणार आहे. तिला दहावीला इतिहासात साठपैकी छप्पन्न गुण होते. मी तिला दोन रकान्यांची चिकित्सा शिकवली होती, आणि तिने माझे नाव पाहून ती केली नव्हती.

यंदापासून नववीच्या वर्गात फळ्यावर ते दोन रकाने आखतो तेव्हा पहिल्या दिवशी मी तो संदेश लिहितो, माझ्या नावासह. मुले आधी हसतात. मग विचारतात, सर, तुम्हांला कोणी पाठवला होता? तो ज्याच्याकडून आला त्याला मी विचारले होते. त्याने त्याच्या मेहुण्याचे नाव सांगितले, मेहुण्याने एका गटाचे. तेथे माग संपतो.

मित्र अजून गटात परतलेला नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येतो, असे परवा त्याने फोनवर कळवले. वर म्हणाला, ‘मुक्काम जुन्याच खोलीत करू. उपवर्गीकरणावर तुझं काय म्हणणं आहे ते मुद्दे लिहून आण, तोंडी चालणार नाही. माझेही मी लिहून आणतो.’ आवाजात अजून पूर्वीचा मोकळेपणा नव्हता, पण ‘सर’ही नव्हते. माझे चार मुद्दे झाले आहेत. तिसऱ्याला आधार कच्चा आहे. तो तेवढ्यावरच धरील, म्हणून आकडेवारी शोधतो आहे.